लेहरा मनात वाजायला हवा

मुंबई

प्रिय मित्रा,

तू ड्रमवर वाजवून फोनवर रेकॉर्ड करून पाठवलेला ब्लूज (बारा बारांच्या आवर्तनाचं जॅझमधलं गाणं, एक बार म्हणजे चार मात्रा) तीनदा ऐकला. हात छान चाललेत. डाव्या हाताचा आवाज उजव्याइतकाच स्वच्छ येतो आणि ही गोष्ट सहजासहजी होत नाही. पण दुसऱ्यांदा तुझ्या वाट्याला चार बार आले तेव्हा तू पंधराच मात्रा वाजवल्यास, सोळावी गिळलीस. पियानोवाला त्याच्या जागेवर अचूक आला. तुला मात्र तो उशिरा आल्यासारखं वाटलं, म्हणून तू पुढचे दोन बार अडखळलास.

तू विचारतोस, आता आणखी कुठल्या फ्रेज (वाजवण्यातली छोटी वाक्यं) पाठ करू? सध्या एकही नको. व्हिडिओ बघून जमवलेल्या चाळीसेक फ्रेज तुझ्याकडे आहेत. त्यातल्या चार ठेव, बाकीच्या सहा महिने बाजूला ठेव.

तू शाळेत असताना दादरला तबला शिकलास, त्यामुळे हे तुला लवकर समजेल. तबल्याचा सोलो चालू असतो तेव्हा हार्मोनियम किंवा सारंगी लेहरा, म्हणजे तालाच्या आवर्तनाएवढी एकच चाल पुन्हा पुन्हा, धरून बसलेली असते. तबलजी कितीही लांब गेला तरी सम, म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा, कुठे आहे ते लेहरा सांगत राहतो. जॅझमध्ये ड्रमरला चार बार मिळतात तेव्हा बहुतेक वेळा बाकी सगळे हात काढून घेतात. लेहरा धरायला कोणी उरत नाही. तो तुझ्या डोक्यात चालायला हवा, आणि तो लेहरा म्हणजे त्या गाण्याची चाल. जुन्या वादकांच्या ज्या फ्रेज आपण घोकतो, त्या सगळ्या अशा चालीच्या अंगाखांद्यावर वाजलेल्या आहेत. चाल काढून घेतली की उरतो तो नुसता हातांचा व्यायाम.

म्हणून पहिला आठवडा हातात काठ्या घेऊ नकोस. फक्त पाय. हाय-हॅट (पायाने मिटणारी झांजांची जोडी) दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर, बेस ड्रम (पायाने वाजणारा मोठा ड्रम) चारही मात्रांवर, पण इतका हलका की शेजारी बसलेल्याला तो ऐकू येण्याऐवजी जाणवावा. त्यावर तोंडाने ब्लूजची चाल म्हण, बारा बारांचं एक आवर्तन, अशी सलग दहा. मग मधले चार-चार बार गाणं मनातल्या मनात म्हण आणि पुन्हा मोठ्याने सुरू कर. पुन्हा सुरू करताना पाय आणि तोंड एकत्र आले नाहीत, तर सोलोतही नेमकं तिथेच घसरणार हे नक्की.

बारा बारांत चार-चारची देवाणघेवाण (चार बार समोरच्याचे, चार ड्रमरचे) का फसवते, ते कागदावर मांडून बघ. बत्तीस बारांच्या गाण्यात आठ तुकडे पडतात, त्यामुळे समोरच्याने सुरुवात केली की ड्रमरला दरवेळी आठ बारांच्या भागाचा उत्तरार्ध मिळतो: पाच ते आठ, तेरा ते सोळा, असं. त्याची सवय होते. ब्लूजमध्ये तुकडे तीनच. पहिल्या आवर्तनात तुला पाच ते आठ हे बार मिळतात. दुसऱ्या आवर्तनात एक ते चार आणि नऊ ते बारा. तिसऱ्यात पुन्हा पाच ते आठ. म्हणजे एकदा तू आवर्तन उघडतोस, एकदा मिटतोस, एकदा मधे उभा असतोस. पाचव्या बारला कॉर्ड (साथीचा स्वरसमूह) बदलतो, तिथून सुरू होणारं वाक्य आणि पहिल्या बारला सुरू होणारं वाक्य एकसारखं असून चालत नाही. तुझ्या रेकॉर्डिंगमध्ये तिन्ही ठिकाणी तेच वाक्य आहे.

आता फ्रेज. कुणाच्या घ्यायच्या यावर माझं मत ठाम आहे. आधी जुने जॅझ ड्रमर: सिड कॅटलेट, मॅक्स रोच, फिली जो जोन्स आणि आर्ट ब्लेकी. एल्विन जोन्स आणि टोनी विल्यम्स नंतर. ते या चौघांना पचवून पुढे गेलेले आहेत, थेट त्यांच्याकडे गेलास तर वरचं वादळ दिसेल, तळाचा नांगर दिसणार नाही. ही माणसंही एकमेकांकडूनच शिकली. मॅक्स रोच यांनी १९६६ च्या 'ड्रम्स अनलिमिटेड' या अल्बममध्ये कॅटलेट यांच्या नावाने एक तुकडा एकट्या ड्रमवर वाजवला आहे. तो कॅटलेट यांच्याच जुन्या वाक्यावर उभा आहे. मूळ आणि हे रूप शेजारी-शेजारी ठेवून ऐक. वाक्य उचलायचं आणि वाढवायचं म्हणजे काय, ते तिथे उघड दिसतं. तबल्यातला कायदा (मूळ रचना) आणि पलटा (तिचं बदललेलं रूप) यांचंच नातं आहे हे.

एका वेळी दोन बारच घे. वेग अर्धा करून ऐक, पण आधी पूर्ण वेगात वीस वेळा. अर्ध्या वेगात ठोके मोजता येतात, झोल (स्विंग, म्हणजे लांब-आखूड ठोक्यांचा डौल) कळत नाही. नोटेशन शेवटी बघ. कागदावर दोन सारखे आठवे भाग (अर्ध्या-अर्ध्या मात्रेचे ठोके) लिहिलेले असतात आणि वाजवणारा ते लांब-आखूड वाजवत असतो. कागदावरून शिकलेलं वाक्य म्हणूनच कडक येतं. आणि हातांआधी तोंड. पढंत कर, म्हणजे बोल तोंडाने म्हण. लोकलमध्ये हात हलवायला जागा नसते, तोंडातल्या तोंडात म्हणायला असते. बोरिवली ते चर्चगेट एवढ्या वेळात एक वाक्य तोंडात पक्कं बसतं.

एक फ्रेज आपण जवळून बघू. सिक्स स्ट्रोक रोल तुला येतो: उजवा, डावा-डावा, उजवा-उजवा, डावा. सहा ठोके, पहिला आणि शेवटचा जोरकस, मधले चार हलके. तोंडाने म्हण: धा तिरकिट धा. अक्षरं मोज, बरोबर सहा भरतात. ट्रिपलेटमध्ये, म्हणजे एका मात्रेत तीन ठोके, वाजवलं की हे दोन मात्रांत बसतं, आणि ओळीने वाजवलं की शेवटचा धा आणि पुढच्या फेरीचा पहिला धा शेजारी येतात. धा तिरकिट धाधा तिरकिट धाधा. पन्नाशीच्या दशकातल्या कितीतरी सोलोंत हा जोडठोका ऐकू येईल.

हे आधी नुसतं स्नेअरवर (समोरचा, तळाला तारा असलेला ड्रम), मेट्रोनोम (लय देणारं यंत्र) मिनिटाला ६० ठोक्यांवर. धा वाजवताना काठीचं टोक साधारण आठ इंच उचललेलं, तिरकिटला दोन इंचांच्या वर नाही. तुझं इथेच बिघडतं. वेग वाढला की तिरकिट पाच इंचांवर जातं, सगळे ठोके एका उंचीचे होतात आणि वाक्याला चेहरा राहत नाही. मोबाईल कडेला ठेवून स्वतःचा व्हिडिओ घे, कानाला पटलं नाही तरी डोळ्याला दिसेल. ते सुधारलं की उजवा धा फ्लोअर टॉमवर (जमिनीवर उभा असलेला खोल आवाजाचा ड्रम) ने, डावा धा छोट्या टॉमवर, तिरकिट स्नेअरवरच. लगेच चाल ऐकू येऊ लागेल, कारण दोन टॉमचे दोन स्वर आहेत. मग तिरकिट गाळून टाक, फक्त दोन धा त्यांच्या जागी वाजव, मधली जागा मोकळी सोड. ही पायरी बहुतेक जण वगळतात. मोकळ्या जागेत लय धरून बसणं हे ठोक्यांनी जागा भरण्यापेक्षा कठीण आहे, आणि तुझी सोळावी मात्रा अशाच एका मोकळ्या जागेत हरवली.

पुढची पायरी मला सगळ्यात प्रिय आहे. तेच सहा ठोके ट्रिपलेट सोडून साध्या आठव्या भागांत वाजव, म्हणजे एका मात्रेत दोन. आता वाक्य तीन मात्रांचं झालं, पण बार आहे चार मात्रांचा. चार बारांत सोळा मात्रा: वाक्य पाचदा बसतं आणि एक मात्रा उरते. पहिलं वाक्य पहिल्या बारच्या एकवर सुरू होतं, दुसरं त्याच बारच्या चारवर, तिसरं दुसऱ्या बारच्या तीनवर, चौथं तिसऱ्या बारच्या दोनवर, पाचवं चौथ्या बारच्या एकवर. या पाचव्याशी जपून. ते पुन्हा एकवर आल्यामुळे कानाला वाटतं की नवं आवर्तन सुरू झालं. ड्रमर तिथेच मोजणी सोडतो, समोरचा सॅक्सोफोनवालाही तिथेच घाईने आत येतो. हाय-हॅट दोन आणि चारवर ठाम राहिली, तर दोघेही वाचतात. सोलोत पाय थांबवायचा नाही, असं मी दर वेळी सांगतो ते यासाठी. पायावर नियंत्रण आलं की तो हवा तेव्हा थांबवता येईल, पण आज तुझा पाय तुला न विचारता थांबतो.

तिहाईची, म्हणजे एकच वाक्य तीनदा म्हणून समेवर येण्याची, ओढ तुला वाटणारच. हेच तीन मात्रांचं वाक्य तीनदा घेतलं तर नऊ मात्रा होतात. दुसऱ्या बारच्या चौथ्या मात्रेवर उचल, म्हणजे तिसरं वाक्य चौथ्या बारच्या अगदी शेवटी, चार आणि पुढच्या एकच्या मधे संपेल. सम तू मारू नकोस. ती पुढच्या वादकाची. तबल्यात समेवर येऊन आपण दाद घेतो. इथे समेच्या आधी बाजूला होऊन दार उघडं ठेवायचं असतं. दोनदा-तीनदा तिहाई शोभते, प्रत्येक चार बारांना केली तर ऐकणारा आधीच ओळखतो.

मेट्रोनोमबद्दल एक. तो चारही मात्रांना लावू नकोस. ६० वर ठेव आणि त्याचा ठोका दुसरी आणि चौथी मात्रा समज, म्हणजे गाणं १२० च्या लयीत चालेल. यंत्र एक देत नाही, एक तुलाच धरावा लागतो. मग दर दोन दिवसांनी चारने वाढव. गाणं २०० च्या पुढे गेलं की आठव्या भागांमधला झोल आपोआप सरळ होत जातो. संथ लयीतला गडद झोल तिकडे ओढून नेलास तर वाक्य लंगडतं, म्हणून प्रत्येक वाक्य तीन लयींत वेगळं ऐकून घे.

घरच्या रियाजाचं: तुझ्या सरावाच्या पॅडचा आवाज कमी आहे, पण टेबलावर ठेवलास की दणका टेबलातून फरशीत आणि फरशीतून खालच्या मजल्यावर जातो. पॅडखाली चादरीची जाड घडी, पायांखाली सतरंजी. रात्री दहानंतर फक्त पढंत.

जॅमरूममध्ये (तासावर भाड्याने मिळणारी तालमीची खोली) वेगळी अडचण येईल. तिथले किट बहुतेक रॉकसाठी लावलेले असतात: बावीस इंची बेस ड्रम, आत उशी, टॉम सैल. जॅझचे छोटे किट अठरा इंची बेस ड्रमचे आणि ताणून लावलेले असतात. म्हणून रोच यांच्या वाक्यात टॉम गातात आणि तुझे नुसते दबतात. स्वतःची ड्रम-की खिशात ठेव, मालकाला विचार आणि दोन्ही टॉमच्या वरच्या पानाचे (ज्यावर काठी पडते त्या पडद्याचे) स्क्रू समोरासमोरच्या जोडीने पाव-पाव फेरा घट्ट कर. एका बाजूचे आधी आवळलेस तर पान तिरकं बसतं आणि घरघर येते. निघताना होतं तसं करून ठेव. तासाचे पैसे मोजत असतोस, तेव्हा ही पाच मिनिटं जड वाटतील, तरी दे.

तारांचे ब्रश घेतले आहेस ते चांगलं केलंस. स्नेअरचं पान खरखरीत लेप असलेलंच हवं, गुळगुळीत पानावर ब्रशचा आवाजच निघत नाही. पावसाळ्यात तारा गंजतात. वाजवून झालं की कोरड्या फडक्याने पूस आणि तारा आत ओढून ठेव, नाहीतर बॅगेत वाकतील. धा तिरकिट धा ब्रशनेही कर. टॉमवर ब्रश फार उसळत नाही, त्यामुळे दुहेरी ठोक्यातला दुसरा ठोका मनगटाने द्यावा लागतो. तिथे तुझ्या डाव्या हाताची खरी परीक्षा आहे.

आणि प्रत्यक्ष ऐकायला जा. ही मुंबई या संगीताला परकी नाही. १९३० च्या दशकात ताजच्या बॉलरूममध्ये जॅझ वाजत होता, चिक चॉकलेट यांच्यासारखे गोव्याचे वादक तो सी. रामचंद्रांच्या वाद्यवृंदापर्यंत घेऊन गेले, १९७८ मध्ये जॅझ यात्रा हा महोत्सव सुरू झाला. शोभा गुर्टू यांचा मुलगा त्रिलोक इथेच वाढला आणि तबला, ड्रम दोन्ही घेऊन जगभर गेला. एनसीपीएला (नरिमन पॉइंटचं कलाकेंद्र) किंवा कुठेही जॅझ असेल तेव्हा ड्रमरच्या हातांकडे बघू नकोस. डोळे मिट, चाल मनात म्हण आणि त्याचे चार बार संपतात तिथे तुझेही संपतात का ते बघ. चुकलास तर कुठल्या बारला चुकलास ते वहीत लिही.

वहीत प्रत्येक फ्रेजला एक पान दे. कुणाची, कुठल्या बारला आली, कुठल्या मात्रेवर उचलली, आधी काय होतं आणि नंतर किती जागा सोडली. शेवटचे दोन रकाने बहुधा रिकामे राहतात, ते भरल्याशिवाय पुढचं पान उघडू नकोस.

महिन्याने मला एकच रेकॉर्डिंग पाठव. ब्लूज, सहा आवर्तनं, लय १२०, चार-चारची देवाणघेवाण, पण समोर कोणी नको: समोरच्याचे चार बार तू तोंडाने गायचेस, स्वतःचे वाजवायचेस. सगळ्या सोलोत धा तिरकिट धा हे एकच वाक्य. फोन हाय-हॅटजवळ ठेव, मला आधी पाय ऐकायचा आहे.

सस्नेह