‘परत’ नक्की कोण जातंय?

पत्र थोडं कापून देते आहे.

“मावशी, मी मूळची सांगलीची. नवरा इंग्लंडचा, शेफील्डचा. पुण्यात ओळख झाली, लग्न झालं आणि २०१६ च्या जूनमध्ये, ब्रेक्झिटचं मतदान झालं त्याच आठवड्यात, आम्ही स्पेनमध्ये देनियाजवळच्या एका गावात राहायला आलो. तो ब्रिटिश लोकांच्या बंगल्यांचे स्विमिंग पूल सांभाळतो, मी मुलांना इंग्रजी शिकवते. लेक एप्रिलमध्ये अकरा वर्षांची झाली, मुलगा सात. ऑक्टोबरमध्ये सासूबाई जिन्यात पडल्या, खुब्याचं हाड मोडलं. तेव्हापासून नवऱ्याचं एकच चालू आहे, ‘आता घरी परत जाऊया.’ उन्हाळ्यात जागा सोडतोय असं त्यानं घरमालकाला सांगूनही टाकलं. मला ते घरमालकाच्या बायकोकडून कळलं. सासूबाई चांगल्या आहेत, त्यामुळे नाही कुठल्या तोंडानं म्हणू? लेक म्हणते, तुम्ही जा, मी इथेच राहीन. माझी आई दोन वर्षांपूर्वी आजारी होती तेव्हा मी दहाव्या दिवशी परत आले होते, कारण इथे सीझन सुरू होत होता. ते आता सारखं आठवतं आणि मग माझीच मला लाज वाटते. मी स्वार्थी आहे का?

ता. क. माझा पासपोर्ट अजून भारताचाच आहे. त्यानं काही अडतं का?”

अगं बाई, पत्रातली सगळ्यात मोठी गोष्ट तू ता. क. मध्ये घातलीस! तिथूनच सुरुवात करते, कारण रडायचं, भांडायचं ते नंतरही करता येईल, ही तारीख मात्र चुकली तर पंचाईत होईल.

अडतं. चांगलंच अडतं. तुझा नवरा आणि मुलं ब्रिटिश, ते बॅग उचलून उद्या शेफील्डला जाऊ शकतात. तू नाही. ब्रिटन युरोपीय संघात होतं तेव्हा एक रस्ता होता. १९९२ साली युरोपच्या न्यायालयानं सुरिंदर सिंग नावाच्या एका भारतीय माणसाच्या खटल्यात निकाल दिला होता. ब्रिटिश बायकोबरोबर तो जर्मनीत राहून काम करून आला होता. त्या निकालामुळे तुझ्यासारख्यांना युरोपात राहून जोडीदाराबरोबर ब्रिटनमध्ये यायला सोपं जायचं. तुमच्यासारख्या, ब्रेक्झिटच्या आधीपासून तिथे असलेल्या कुटुंबांना २९ मार्च २०२२ पर्यंत सवलत होती. ती गेली. आता तुला बायको म्हणून व्हिसा काढावा लागेल, तोही तिथे जाण्याआधी, बाहेरून.

त्यासाठी एप्रिल २०२४ पासून वर्षाला २९,००० पौंडांची कमाई दाखवावी लागते, आणि ती नवऱ्याची. स्पेनमधला तुझा पगार त्यात धरत नाहीत. ते नसेल तर ८८,५०० पौंडांची शिल्लक सहा महिने खात्यात असायला हवी. व्हिसाच्या फीवर आरोग्याचा अधिभार म्हणून वर्षाला १,०३५ पौंड, सगळ्या वर्षांचे एकदम, आगाऊ. नवऱ्याचा धंदा स्वतःचा. तो बंद करून शेफील्डला नोकरी शोधणार असेल, तर कुठली कमाई कुठल्या कागदानं दाखवायची हे आधी नीट समजून घ्यावं लागेल. यासाठी ब्रिटनमधला नोंदणीकृत इमिग्रेशन सल्लागार किंवा वकील गाठा आणि पैसे देऊन तासभर बसा. गावातल्या ब्रिटिश पबमध्ये मिळणारा सल्ला फुकट असतो, पण तो देणाऱ्यांपैकी कुणाची बायको सांगलीची नाही.

आता हे नवऱ्याला ठाऊक आहे का? मला वाटतं, नाही. लबाडी म्हणून नव्हे. त्याच्या डोक्यात हे आलंच नसणार. त्याच्या दृष्टीनं तुम्ही चौघं ‘परत’ निघाला आहात, आणि स्वतःच्या घरी परत जायला परवानगी कशाला लागते?

तुझं सगळं दुखणं मला या एका शब्दात दिसतं. परत तो जातोय. तू शेफील्डला कधी राहिलीच नाहीस, नाताळचे आठ-दहा दिवस सोडले तर. मुलगा तर स्पेनमध्येच जन्मला असणार, वयावरून. म्हणजे एक माणूस घरी परततोय आणि तिघं परदेशात चाललीत. हे त्याला सांग, याच शब्दांत सांग, फक्त रात्री अकराला नको, सकाळी कॉफीच्या वेळी.

या शब्दांची गंमत मला कायम वाटत आली आहे. स्पेनमध्ये अडीच लाखांहून जास्त ब्रिटिश नागरिकांची नोंद आहे, त्यातली कितीतरी मंडळी वीस-वीस वर्षं तिथे राहून स्वतःला ‘एक्सपॅट’ म्हणवतात. तोच आपला माणूस लंडनजवळच्या स्लाउमध्ये चाळीस वर्षं राहिला तरी इमिग्रंट. एक्सपॅटला मागे जायला दार कायम उघडं असतं, निदान त्याला तसं वाटत असतं. तू मात्र त्या गावात इमिग्रंटसारखी राहिलीस, म्हणजे खरोखर राहिलीस. लांब पत्रातला एक भाग मी वर दिला नाही, तो इथे सांगते. तू लिहिलंयस की उन्हाळ्यात संध्याकाळी गल्लीतल्या बायका घरातल्या खुर्च्या दाराबाहेर काढून बसतात, ‘आ ला फ्रेस्का’ म्हणतात त्याला, आणि पहिल्या वर्षी भाषेचा एक शब्द येत नसताना तू आपली खुर्ची घेऊन तिथे जाऊन बसलीस, कारण सांगलीला आजी ओट्यावर अशीच बसायची. नवऱ्यानं अशी खुर्ची कधी काढली का? मला वाटत नाही. त्याचे गिऱ्हाईक इंग्रज, मित्र इंग्रज, टीव्ही इंग्रजी. त्याला सोडायला सोपं जातंय, कारण त्याचं तिथे फार काही रुजलंच नाही. हा त्याचा गुन्हा नाही. पण तुला का जड जातंय ते त्याला आपणहून कळणारही नाही.

आणि ती दाताची गोष्ट! मुलाचा दात पडला, स्पेनमधल्या रीतीप्रमाणे उशीखाली ठेवला, रात्री पेरेझ नावाचा उंदीर येऊन नाणं ठेवून गेला, आणि पोरानं शाळेत जाऊन सांगितलं की हा आमच्या गणपतीचाच उंदीर, तो रात्रपाळी करतो. वाचून मी एकटीच हसत बसले. शेफील्डला दात न्यायला परी येते. त्या परीला गणपतीशी जोडून द्यायला तुला जरा डोकं चालवावं लागेल.

आता सासूबाई. त्यांना कुणी विचारलंय का? पत्रात त्या पडल्या आहेत, चांगल्या आहेत, एकट्या आहेत. पण त्यांचं स्वतःचं एक वाक्य नाही. ऐंशीच्या घरातल्या बाईला मुलगा, सून आणि दोन पोरं आपल्या अरुंद घरात यावीत असं वाटतं की नाही, हे गृहीत कसं धरायचं? त्यांचं घर तूच वर्णन केलंयस: खाली दोन खोल्या, वर दोन, न्हाणीघर वर, मधला जिना उभा. त्याच जिन्यात त्या पडल्या. तुम्ही चौघं आलात म्हणून जिना काही आडवा होणार नाही.

इंग्लंडमध्ये काउन्सिलकडे केअर नीड्स असेसमेंट मागता येतं. घरी येऊन काय मदत लागेल ते पाहतात, ते पाहण्याचे पैसे नसतात आणि बँकेत किती आहेत यावरून नकारही देता येत नाही. पुढच्या मदतीचा खर्च कुणी करायचा हे मात्र शिलकीवर ठरतं. २३,२५० पौंडांच्या वर असेल तर साधारणपणे आपला आपण. कठडे, न्हाणीघरातली बैठक, गळ्यातलं धोक्याचं बटण, सकाळ-संध्याकाळ येणारी बाई, यातलं काय झालंय ते नवऱ्यानं पाहिलंय? की आई पडली या धक्क्यानं थेट कंटेनर ठरवायला निघाला? मला दुसरी शक्यता वाटते. दूर राहणाऱ्या मुलांचं असं होतं. फोनवर आईचा आवाज बारीक लागला की त्यांना एकदम सगळं आयुष्य बदलावंसं वाटतं, कठडा बसवणं त्यांना फार किरकोळ वाटतं.

माझं मत स्पष्ट सांगते. जानेवारीत तिथला तीन राजांचा सण झाला, सुटी संपली की नवऱ्यानं एकट्यानं जावं. दोन-तीन महिने. हिवाळ्यात पूलची कामं तशीही कमी असतात. आईजवळ राहावं, काउन्सिलचं लावून द्यावं, नोकरीचा अंदाज घ्यावा आणि तिथला फेब्रुवारी पंधरा वर्षांनी पुन्हा एकदा अंगावर घ्यावा. अलिकांतेहून मँचेस्टर तीन तासांचं विमान आहे. मधे एखादा आठवडा येऊन जाता येईल. तोवर तू इथली घडी मोडू नकोस, आणि घरमालकाला त्यानं स्वतः जाऊन सांगावं की उन्हाळ्याचं अजून ठरलेलं नाही.

एवढ्यावरून ‘जाऊच नका’ असं मी म्हणतेय असं समजू नकोस. जावं लागेलही. पण मग केव्हा, हे लेकीकडे बघून ठरवा. स्पेनमध्ये शाळेचा वर्ग जानेवारी ते डिसेंबर जन्मावर धरतात, इंग्लंडमध्ये सप्टेंबर ते ऑगस्ट. एप्रिलची पोर स्पेनमध्ये अजून प्राथमिकच्या सहावीत आहे, तिकडे तिच्या वयाची मुलं सप्टेंबरपासून सेकंडरीत बसलीसुद्धा. उन्हाळ्यात गेलात तर ती थेट दुसऱ्या वर्षात जाईल, मैत्रिणींच्या जोड्या जमलेल्या असतील, आणि ती पडेल तुमच्या भागातल्या वालेन्सियानो भाषेत भांडणारी. इंग्रजी येतं म्हणून तिला सोपं जाईल असं नवरा म्हणत असेल. बापाशी जेवताना बोलायचं इंग्रजी वेगळं, इंग्लंडच्या शाळेच्या मधल्या सुट्टीतलं वेगळं. तरी बारा-तेराव्या वर्षी मूल रुजतं. चौदा उलटली की जीसीएसईचे, म्हणजे तिथल्या दहावीचे, विषय सुरू होतात, तेव्हा उपटू नका. पुढे विद्यापीठाची फी स्थानिक दरानं लागायलाही आधीची तीन वर्षं ब्रिटनमध्ये राहिलेली असावी लागतात. म्हणजे तुमच्याकडे दोनेक वर्षांची खिडकी आहे, या जुलैचीच नाही.

दुसरी तारीख तुझी. येत्या जूनमध्ये तुला स्पेनमध्ये दहा वर्षं होतील. तिथल्या नागरिकत्वाचा अर्ज करायचा तर त्याआधीची दहा वर्षं सलग, कायदेशीर वास्तव्य लागतं. तो करच असं मी म्हणत नाही, भारतीय पासपोर्ट सोडावा लागतो आणि स्पॅनिश पासपोर्टनं शेफील्डचं दार उघडतही नाही. पण मे महिन्यात निघून गेलीस आणि मग कुणीतरी हे सांगितलं, असं व्हायला नको. तुझं टीआयई, म्हणजे परदेशी माणसाला स्पेन देतं ते रहिवासाचं कार्ड, काढून बघ, त्यावर ‘पेर्मानेन्ते’ लिहिलंय का. ब्रेक्झिटच्या करारातला कायमचा रहिवास असेल तर सलग पाच वर्षं बाहेर राहेपर्यंत तो जात नाही. तुझ्या नवऱ्याचंही तसंच. नसेल, तर निघण्याआधी कार्ड बदलून घ्या. स्पेनचं दार पाच वर्षं तुमच्यासाठी लोटलेलंच राहू शकतं, हे लेकीलाही सांग. ‘कायमचं’ हा शब्द अकरा वर्षांच्या मुलीला फार मोठा होतो.

आम्ही मस्कतहून नाशिकला आलो तेव्हा माझा मुलगा नऊ वर्षांचा होता. यजमान म्हणायचे, आपल्या माणसांत आलो. पोरगा सहा महिने म्हशीचं दूध पिईना, त्याला डब्यातल्या भुकटीचंच हवं होतं. सगळ्या घरानं त्याला नावं ठेवली, मीही ठेवली. आज वाटतं, एक डबा आणून ठेवला असता तर काय बिघडलं असतं.

आता तुझ्या आईचं. मला वाटतं, खरा सल तोच आहे आणि तो सासूबाईंच्या खुब्याच्या आड लपलाय. त्याच्या आईसाठी चौघांचं घर हलतंय, तुझ्या आईसाठी दहा दिवस, कारण सीझन. हे आठवलं की स्वार्थी वाटतं म्हणतेस. ते बिल आहे गं, दोन वर्षं न दिलेलं. लाज कसली? त्याला शांतपणे सांग: तुझ्या आईसाठी आपण काय करायचं ते बोलू, आणि त्याच बैठकीत माझ्या आईसाठी वर्षातून किती आठवडे, कुठल्या पैशातून, तेही लिहून काढू. व्हिसाचा अर्ज चालू असताना आणि नंतर खर्चामुळे तुझं सांगलीला जाणं आणखी लांबेल, म्हणून हे आधी. शक्य झालं तर उन्हाळ्याआधीच, तो परत आला की, तू महिनाभर आईकडे जाऊन ये. पोरांची शाळा आणि डबे तो बघेल. सीझनही नसेल.

पण सगळ्यात आधी सासूबाईंना फोन कर. नवऱ्याला शेजारी न बसवता. आम्ही यायचं का, असं विचारू नकोस, त्यावर त्या ‘माझ्यासाठी काही करू नका’ एवढंच म्हणतील. दिवस कसा जातो ते विचार, वर झोपायला कशा जाता ते विचार, आणि मग गप्प बस. रविवारी केलास तरी चालेल, फक्त तुमच्या साडेसहाला नको. तिकडे तेव्हा साडेपाच वाजलेले असतात आणि त्या जेवत असतील.