रिपोर्टमध्ये विषाणू सापडला नाही, मग गोळी कशाला?

एआरटी केंद्रात, म्हणजे एचआयव्हीवर औषधं मिळतात तिथे, समुपदेशक म्हणून काम करताना एक प्रश्न दर आठवड्याला समोर येतो. “मॅडम, व्हायरल लोडमध्ये व्हायरस सापडलाच नाही. आता गोळ्या बंद केल्या तर चालेल ना?” व्हायरल लोड म्हणजे रक्तातला विषाणू मोजणारी चाचणी. विचारणाऱ्याच्या डोळ्यांत इतकी आशा असते की ‘नाही’ म्हणताना जीव तुटतो. या प्रश्नाचं नीट उत्तर द्यायला मला एका शेतकरी दादांनी शिकवलं. त्यांची ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

दादा चाळिशीतले, अडीच एकर ऊस, गोठ्यात दोन म्हशी. अंगावर नागीण उठली म्हणून रक्त तपासलं आणि एचआयव्ही निघाला. वहिनींची तपासणी केली, त्या निगेटिव्ह. दादांना टीएलडी या एचआयव्हीवरच्या औषधाची रोज एक गोळी सुरू झाली. सहा महिने त्यांनी एकही गोळी चुकवली नाही. दर खेपेला बाटली टेबलावर ठेवायचे आणि मी मोजायच्या आधी स्वतःच शिल्लक गोळ्यांचा आकडा सांगायचे.

सहाव्या महिन्याचा व्हायरल लोड आला, ‘टार्गेट नॉट डिटेक्टेड’. मला इतका आनंद झाला की रिपोर्ट त्यांच्याकडे फिरवून मी म्हणाले, “दादा, व्हायरस सापडला नाही. पास झालात!”

हा एक शब्द मला अजून टोचतो. पास झाल्यावर कोण अभ्यास करतं?

त्या दिवशी ते तीन महिन्यांच्या गोळ्या घेऊन गेले. पुढची तारीख चुकली. फोन केला तर ‘ऊसतोड चालू आहे’. आणखी दोन आठवड्यांनी आले ते खताच्या दुकानाची पिशवी घेऊन. पिशवीत तीन बाटल्या. दोन बाटल्यांचं सील जसंच्या तसं, तिसरी अर्धी. म्हणजे जवळपास तीन महिने गोळी पोटात गेली नव्हती. तब्येत मात्र ठणठणीत, वजनही वाढलेलं.

“मॅडम, रिपोर्टच म्हनतोय न्हाई. मग गोळी कशाची खायाची?”

रागावण्यात अर्थ नव्हता. रिपोर्ट वाचून दाखवणारी मीच होते. मी खुर्ची टेबलाच्या त्यांच्या बाजूला ओढली आणि विचारलं, “दादा, तुमच्या सातबाऱ्यावर उद्या परक्याचं नाव चढलं तर?”

“मग संपलंच की. नाव चढायला येळ लागत न्हाई, उतरवायला जल्म जातो.”

हेच मला सांगायचं होतं. आपल्या जवळपास प्रत्येक पेशीत डीएनए नावाचं मूळ दप्तर असतं. काम काढायचं असलं की त्या दप्तरावरून आरएनए नावाची चिठ्ठी तयार होते आणि चिठ्ठीप्रमाणे पेशी काम करते. दप्तरावरून चिठ्ठी, ही सरळ रीत. एचआयव्ही येतो तो नुसती चिठ्ठी घेऊन, पण सोबत त्याचा स्वतःचा एक कारकून असतो. हा कारकून उलटं काम करतो, चिठ्ठीवरून दप्तराचं पान लिहितो. त्याचं नाव रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज. असं उलटं लिहिणारं काही असेल यावर पूर्वी फार थोड्यांचा विश्वास होता. 1970 मध्ये हॉवर्ड टेमिन आणि डेव्हिड बाल्टिमोर या दोघांनी वेगवेगळ्या प्रयोगशाळांत ते दाखवून दिलं आणि 1975 मध्ये दोघांनाही नोबेल मिळालं. दादांना अर्थातच मी ही नावं सांगितली नाहीत, पण इथे सांगावीशी वाटतात. आज आपण जी गोळी हातावर ठेवतो, तिची वाट त्या शोधातून निघाली.

पान लिहून झालं की विषाणूचा दुसरा कारकून, इंटिग्रेज, ते आपल्या सीडीफोर या रोगप्रतिकारक पेशीच्या दप्तरात शिवून टाकतो. फेरफार मंजूर! आता ती पेशी स्वतःचंच समजून विषाणूच्या प्रती काढत राहते. टीएलडीच्या एका गोळीत तीन औषधं असतात. टेनोफोविर आणि लॅमिवुडिन पहिल्या कारकुनाचं लिखाण मध्येच तोडतात, डोल्युटेग्राविर दुसऱ्याला पान शिवू देत नाही. त्यामुळे नव्या पेशींत नोंद होत नाही, रक्तातला विषाणू कमी होत होत यंत्राला दिसेनासा होतो. पण आधी चढलेली नोंद यातलं एकही औषध खोडू शकत नाही.

दादांनी विचारलं, “मग त्या नोंदी रक्तात दिसत का न्हाईत?”

फार मोलाचा प्रश्न. व्हायरल लोडची चाचणी रक्तात मोकळ्या फिरणाऱ्या विषाणूच्या चिठ्ठ्या मोजते. पेशींच्या दप्तरात काय लिहिलंय ते ती वाचत नाही. ज्या पेशी नोंद पोटात घेऊन झोपून गेल्या आहेत, त्या एकही चिठ्ठी बाहेर काढत नाहीत. अशा पेशी फार थोड्या असतात, पण दीर्घायुषी. रोज गोळी घेऊनही त्यांचा साठा निम्मा व्हायला सुमारे 44 महिने लागतात. या चालीने तो आपोआप संपायला 70 वर्षांहून अधिक काळ लागेल असा हिशेब शास्त्रज्ञांनी मांडलाय. गोळी थांबली की यातली एखादी पेशी जागी होते आणि बहुतेकांमध्ये दोन ते चार आठवड्यांत विषाणू पुन्हा रक्तात दिसू लागतो.

दादा जरा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “लव्हाळ्यावानी हाय तर. वरनं फवारलं की रान साफ दिसतं. खाली गाठी तशाच.”

गेली कित्येक वर्षं मी चार्ट दाखवून जे सांगत होते, ते त्यांनी दोन वाक्यांत सांगितलं. आता मी सगळ्यांना लव्हाळाच सांगते.

अधूनमधून गोळी घेणाऱ्यांसाठी इथेच एक गोष्ट सांगते, कारण ‘एक दिवसाआड घेतो की’ असं म्हणणारेही भेटतात. उलटं लिहिणारा हा कारकून लिहिताना खूप चुका करतो आणि त्या तपासतही नाही. रक्तात औषध अर्धवट असताना त्याला लिहायला मोकळीक मिळाली, तर एखादी चूक नेमकी औषधाला न जुमानणारी निघते. मग हीच साधी गोळी निकामी होऊ शकते. ज्यांना हिपॅटायटिस बी सुद्धा आहे, त्यांनी तर मनाने गोळी थांबवूच नये. तो विषाणूही उलट्या नकलेनेच वाढतो, टेनोफोविर आणि लॅमिवुडिन त्यालाही आवरून धरतात, आणि गोळी सुटली की यकृताचा दाह उसळू शकतो.

त्याच दिवशी डॉक्टरांनी दादांचं रक्त घेतलं आणि गोळी पुन्हा सुरू केली. रिपोर्ट आला, व्हायरल लोड 68,000. दादा आकड्याकडे बघत राहिले. तब्येतीचं त्यांनी काहीच विचारलं नाही. हळू आवाजात म्हणाले, “आनी ही?”

रोज गोळी घेऊन व्हायरल लोड दबलेला असतो तेव्हा शरीरसंबंधातून जोडीदाराला लागण होत नाही, हे मी त्यांना पूर्वी सांगितलं होतं आणि ते खरंच आहे. त्या भरवशावर दोघांनी निरोध सोडला होता. गोळी सुटल्याचं वहिनींना माहीत नव्हतं.

ते सांगण्याचं काम माझं नव्हतं. दादांनी ते स्वतः केलं, माझ्यासमोर, मान खाली घालून. वहिनी रडल्या नाहीत. पदर खोचला आणि म्हणाल्या, “आधी माझं रगत घ्या.” त्या दिवशी निगेटिव्ह. निरोध पुन्हा सुरू झाला. तीन महिन्यांनी परत तपासणी, तोवर त्या घरात कशा झोपल्या असतील कोण जाणे. तीही निगेटिव्ह आली.

तेव्हापासून चांगला रिपोर्ट हातात देताना मी ‘पास’ म्हणत नाही. म्हणते, “गोळी काम करतेय.” आणि सातबारा त्याच बैठकीत सांगते, पुढच्या खेपेवर ढकलत नाही.

सहा महिन्यांनी दादांचा रिपोर्ट पुन्हा ‘टार्गेट नॉट डिटेक्टेड’ आला. मी तोंड उघडायच्या आत त्यांनी कागदाची घडी घालून उपचाराच्या नोंदींच्या हिरव्या पुस्तकात ठेवली आणि विचारलं, “फुडली तारीख कवाची?”