ट्रिअरमध्ये एका दिवसात काय बघाल

तुम्ही विचारलंय की फ्रँकफर्टला आहात, एक दिवस मोकळा आहे, आणि जर्मनीतल्याच ट्रिअर या जुन्या रोमन शहराला इतक्या लांब जाण्यासारखं काही आहे का. माझं मत विचाराल तर नक्की जा, सकाळी लवकर निघा, कोब्लेन्झला ट्रेन बदलावी लागते पण पुढचा बराचसा प्रवास मोझेल नदीच्या बाजूने आहे, छान जातो.

स्टेशनवरून चालत थेट पोर्टा निग्राला जा. हा रोमन लोकांचा शहराचा दरवाजा, इ.स. 170 च्या सुमाराचा. दगड एकावर एक नुसते रचलेत, मध्ये चुना नाही काही नाही, लोखंडी पट्ट्या शिसं ओतून बसवल्या होत्या. जवळ जाऊन बघा, दगडांच्या सांध्यांवर खड्डे दिसतील, मध्ययुगात लोकांनी ते लोखंड उकरून नेलं त्याच्या खुणा आहेत त्या. मग अख्खा दरवाजाच का नाही गेला? तर सिमिऑन नावाचे एक साधू 11व्या शतकात याच्यात स्वतःला कोंडून घेऊन राहिले, 1035 ला वारले, त्यांच्या नावाने इथेच चर्च झालं आणि देवाचं घर म्हटल्यावर कोणी हात लावला नाही. पुढे नेपोलियनने ते चर्च काढून टाकायला सांगितलं, तरी वर गेलात की भिंतीवर चर्चचं कोरीव काम अजून दिसतं. तिकीट काढून वर जाच, बाहेरून फोटो काढून निघू नका.

मला ट्रिअर आवडतं ते यासाठीच, की इथल्या रोमन इमारती वापरात राहिल्या म्हणून वाचल्या. पुढे हाउप्टमार्क्ट म्हणजे मुख्य बाजारचौक लागेल, तिथला क्रॉस 958 चा आहे, मग डोम, म्हणजे इथलं कॅथेड्रल. त्याच्या गाभ्यात रोमन भिंती आहेत आणि दाराशी रोमन ग्रॅनाइटच्या खांबाचा एक तुकडा आडवा पडलाय, पोरांनी घसरगुंडी करून करून गुळगुळीत केलाय. शेजारचं लीबफ्राउएनकिर्शं हे चर्च पण बघा, एकाच फेरीत होतं.

तिथून कॉन्स्टंटाइन बॅसिलिका जवळच. रोमन बादशहाचा दरबार हॉल, 67 मीटर लांब, 33 मीटर उंच आणि आत एकही खांब नाही!! 1944 च्या बॉम्बहल्ल्यात जळली, नंतर दुरुस्त करताना आतल्या विटा तशाच उघड्या ठेवल्या, त्यामुळे आकार अजूनच अंगावर येतो. सध्या प्रोटेस्टंट चर्च आहे, त्यामुळे प्रार्थनेच्या वेळी आत फिरता येत नाही. पाच मिनिटं नुसतं बसा तिथे.

पुढे कैसरथर्मेन म्हणजे शाही स्नानगृह, जे स्नानगृह म्हणून कधी पूर्णच झालं नाही, पण खालचे बोगदे मस्त आहेत. वेळ असला तर अँफिथिएटर, म्हणजे रोमन लोकांचं खेळांचं मैदान, रिंगणाच्या खालच्या तळघरात उतरता येतं.

लँडेसम्युझियम, म्हणजे इथलं सरकारी संग्रहालय, सोमवारी बंद असतं, बाकी दिवशी गेलात तर 1993 ला खोदकामात सापडलेला रोमन सोन्याच्या नाण्यांचा साठा बघा, 18.5 किलो सोनं आहे.

कार्ल मार्क्सचं जन्मघर पण इथेच, ब्रुकनश्ट्रासंवर. वाचायची आवड असेल तर जा, पण आत मुख्यतः माहितीचं प्रदर्शन आहे, त्या काळचं घर बघायला मिळेल असं नाही, म्हणून वेळ कमी पडला तर मी हेच सोडेन आणि त्याच रस्त्याने पुढे मोझेलवरच्या रोमन पुलावर जाईन, त्याचे दुसऱ्या शतकातले खांब आजही गाड्यांचा भार उचलतायत.