आधी शोची वेळ लिही, मग कथा

माहितीपट किंवा 'कोर्ट'सारख्या वेगळ्या वाटेच्या सिनेमाचं परीक्षण लिहायला घेतोयस, तर ऐक. अशा सिनेमाला नागपुरात मिळतो एखादाच शो, तोही बहुतेक आडवेळी, आणि पुढच्या शुक्रवारी तो उतरलेला असतो. म्हणून पहिल्याच दिवशी बघ आणि त्याच रात्री लिही. थेटर, वेळ, भाषा, सबटायटल आहेत की नाहीत, हे सगळं वरच दे. कथा चार ओळींत आटप.

विषय चांगला म्हणजे माहितीपट चांगला, असं धरू नको. नवे लोक इथेच घसरतात. आनंद पटवर्धनांचा 'जय भीम कॉम्रेड' (२०११) १४ वर्षं चित्रित होत होता. एवढ्या काळात पडद्यावरची माणसं कशी बदलली, त्यावर लिही. दीक्षाभूमीच्या गावातल्या वाचकाला आंबेडकरी चळवळ पहिलीपासून शिकवत बसू नको, बापा.

नुसतं 'संथ आहे' लिहिलंस तर मी पुढे वाचणार नाही. 'कोर्ट'मध्ये (२०१४) सुट्टी लागते, कोर्टरूम रिकामी होते, दिवे मालवतात, तरी कॅमेरा जागचा हलत नाही. का थांबला असेल? तुला जे वाटलं ते लिही, दिग्दर्शकाच्या मुलाखतीतलं उचलू नको.

आणि नोंदी वहीत घे. अंधारात मोबाइल पेटवलास तर मागचा शिव्या घालेल, अन् बरोबरच आहे त्याचं.