थंडीआधी घामाचा बंदोबस्त करा

प्रश्न : मी ४४ वर्षांची, घोडबंदर रोडला राहते. जानेवारीत मी, माझी नणंद आणि तिचा कॉलेजात जाणारा मुलगा असे तिघं उत्तराखंडातल्या केदारकंठा शिखराच्या बर्फातल्या ट्रेकला निघालोय. दर रविवारी येऊरला चालते, त्यामुळे चढाची धास्ती नाही. पण ठाण्यात स्वेटर कपाटातून बाहेर निघत नाही आणि तिथं रात्री पारा उणे दहापर्यंत उतरतो म्हणतात. चांगलं जाड जॅकेट घेतलंय. तेवढं पुरेल का?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : ताई, जॅकेट घेतलंत ते उत्तम, पण ते चालताना घालायचं नाही. थांबलात की लगेच अंगावर चढवायचं. जाड जॅकेट घालून चढायला लागलं की थोड्याच वेळात आतून भिजायला होतं आणि पाय थांबले की तोच घाम अंगावर गार पडतो. आपल्याकडे येऊरहून घामानं निथळत आलं तरी काही बिघडत नाही. बर्फात ओला कपडा अंगातली ऊब भराभर ओढून घेतो. म्हणून निघतानाच जरासं गार वाटेल इतकेच कपडे घाला. घाम फुटतोय असं वाटलं की लाजू नका, सगळ्यांना थांबवा आणि एक थर उतरवा.

अंगालगत पॉलिस्टर किंवा लोकरीचं थर्मल, त्यावर फ्लीस म्हणजे मऊ, उबदार कापडाचा थर, सगळ्यात वर वारा-पाणी अडवणारं पातळ जॅकेट. सुती बनियन, सुती मोजे आणि जीन्स घरीच राहू देत. खात्री करायची असेल तर एक सुती आणि एक पॉलिस्टरचा टीशर्ट भिजवून, पिळून पंख्याखाली टाका आणि तासाभरानं दोन्ही हातात घेऊन बघा.

रात्रीसाठी कोरडे कपडे आणि लोकरी मोज्यांचा एक जोड प्लास्टिकच्या पिशवीत वेगळा बांधा. ते मोजे फक्त झोपायला, तंबूबाहेर दोन पावलंसुद्धा नाहीत. टॉर्चचे सेल आणि मोबाइल स्लीपिंग बॅगेत घ्या, थंडीत बॅटरी झपाट्यानं उतरते. पाण्याची बाटली उलटी ठेवा; बर्फ वरून धरायला लागतो, त्यामुळे सकाळी झाकणाकडचं पाणी मोकळं मिळतं. ऊब हवी म्हणून तंबूत स्टोव्ह किंवा शेगडी मात्र कधीच पेटवू नका. त्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपेतच जीव जातो.

मी बेलापूरला राहते. माझ्याबरोबर सरावाला येणाऱ्यांना पारसिक हिलवर हातमोजे घालून बुटाची नाडी बांधायला, सॅकचं बक्कल लावायला आणि टॉर्च चालू करायला लावते. भर उकाड्यात ते जिवावर येतं, पण शिखरासाठी मध्यरात्रीनंतर अंधारात निघताना उघड्या बोटांनी हे करावं लागू नये. तुम्ही येऊरला हेच करा, पाठीवर सहा-सात किलो वजन घ्या आणि उतरण्याचाही सराव ठेवा. गुडघे उतारावरच बोलायला लागतात. बूट नवे असतील तर आत्तापासून घाला.

आता उंचीचं. ट्रेक जिथून सुरू होतो ते सांक्री गाव साधारण ६,४०० फुटांवर आहे, केदारकंठा १२,५०० फुटांवर. विरळ हवा माणसाचं वय किंवा दमसास बघत नाही. त्यामुळे मला तुमच्यापेक्षा तुमच्या भाच्याची जास्त काळजी वाटते, कारण तरुण मुलं डोकं दुखलं तरी सांगत नाहीत. डोकेदुखीबरोबर मळमळ, अन्नावरची वासना जाणं, गरगरणं यांतलं काही सुरू झालं तर त्या दिवशी आणखी वर चढायचं नाही. चालताना तोल जायला लागला किंवा बसल्या जागी धाप लागली तर सकाळची वाट बघू नका, लगेच खाली आणा. कुणाला असं झालं तर तिघंही खाली येणार, हे घरी बसून, मुलासमोर ठरवा. उंचीच्या त्रासावरची डायमॉक्स ही गोळी मैत्रिणीच्या सल्ल्यानं घेऊ नका. डॉक्टरांना भेटा, सल्फा औषधांची ॲलर्जी किंवा बीपीची गोळी चालू असेल तर तेही सांगा.

आणि परतीचं तिकीट काढताना एक दिवस मोकळा सोडा. सांक्री ते डेहराडून सुमारे २०० किलोमीटरचा डोंगरी रस्ता आहे, बर्फ पडला की अडतो. दुसऱ्या दिवशी ऑफिस गाठायचंय म्हणून कुणी त्या रस्त्यावर रात्री गाडी हाकायला लावू नये.