रेजेक्सने लॉगमधली फील्ड काढताय? आधी एवढं सांभाळा

रेजेक्स म्हणजे मजकुरात नमुना (पॅटर्न) शोधायची पद्धत, लॉग म्हणजे प्रोग्रामने ओळीओळीने लिहून ठेवलेल्या नोंदी, आणि फील्ड म्हणजे त्या ओळीतला एकेक तुकडा. सुरुवातीला सगळे अडकतात ते .* वर, म्हणजे 'कुठलंही अक्षर, कितीही वेळा'. ही ओळ बघा:

10.0.0.7 [2024-03-05 10:15:32] "/" 404 512 "-"

अवतरणातला पत्ता काढायला तुम्ही "(.*)" लिहाल. पण .* हावरट असतं, ते पहिल्या अवतरणचिन्हापासून थेट शेवटच्यापर्यंत सगळं गिळतं. 404 आणि 512 सुद्धा. त्याऐवजी "([^"]*)" लिहा, म्हणजे 'अवतरणचिन्ह येईपर्यंत जे असेल ते'. चौकटी कंसातल्या वेळेसाठी तसंच: \[([^\]]*)\]. ही एक सवय लागली की निम्मी डोकेदुखी जाते.

अख्ख्या ओळीचा पॅटर्न एका दमात लिहू नका. ^ ने (कंसाबाहेर याचा अर्थ 'ओळीची सुरुवात') सुरुवात करा, पहिलं फील्ड जुळवा, चालवून बघा, मग पुढचं जोडा. फसलं तर कुठे फसलं ते लगेच कळतं.

आणखी काही:

- नुसता टिंब म्हणजे कुठलंही अक्षर. खरा टिंब हवा तर \. लिहा.
- फील्ड रिकामं असू शकतं किंवा तिथे नुसतं - असतं. तिथे [0-9]+ ('निदान एक आकडा हवाच') हटून बसलं की अख्खी ओळ हातची जाते.
- न जुळलेल्या ओळी गुपचूप टाकून देऊ नका, वेगळ्या फाइलीत लिहा. नवशिके हे हमखास विसरतात, आणि मग आकडे का जुळत नाहीत म्हणून शोधत बसतात.

लॉग जेसनमध्ये (JSON, डेटा लिहायची एक ठरावीक रचना) असेल तर रेजेक्सच्या नादी लागूच नका, सरळ पार्सर, म्हणजे ती रचना वाचणारं तयार साधन, वापरा. लुकअराउंड (आजूबाजूचा मजकूर नुसता तपासणारी रेजेक्समधली सोय) वगैरे सध्या राहू द्या. आधी तुमच्या खऱ्या लॉगमधल्या वीसेक ओळी घ्या, त्यात दोन-चार विचित्र मुद्दाम.