वाचक विचारतात : शेवाळ खाणारे छोटे मासे

या वेळी आलेल्या पत्रांपैकी निम्म्याहून अधिक पत्रे ओटोसिंक्लस (थोडक्यात ओटो) आणि ब्रिसलनोज या दक्षिण अमेरिकन मार्जार माशांबद्दल (कॅटफिश) आहेत. म्हणून हा सगळा अंक त्यांनाच दिला आहे. दुकानांत हे मासे ‘काच साफ करणारे’ म्हणून विकले जातात आणि पत्रांतल्या बहुतेक अडचणी त्या एका समजुतीतून निघालेल्या दिसतात. ते टाकीत राहणारे प्राणी आहेत आणि त्यांना रोज पोटभर अन्न लागते.

प्रश्न : दोन फुटी टाकी लावून तीन आठवडे झाले. काचेवर तपकिरी थर आला म्हणून सहा ओटो आणले. पहिल्या चार दिवसांत काच लख्ख झाली, पण दहा दिवसांत चार मासे गेले. पाणी स्वच्छ दिसते आहे. उरलेले दोन कसे वाचवायचे? – वाचक, सांगली

‘काच लख्ख झाली’ यातच बरेचसे उत्तर आहे. तपकिरी थर म्हणजे डायटम नावाचे सूक्ष्म शेवाळ, ओटोचे सर्वांत आवडते खाणे. दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि सव्वा फूट उंच टाकीत प्रत्यक्षात ६० लिटरच्या आसपास पाणी असते. तिथला थर सहा ओटोंना तीन-चार दिवस पुरतो. पाचव्या दिवसापासून तुमचे मासे उपाशी होते. त्यातच बाजारात येणारे बहुतेक ओटो नदीतून पकडलेले असतात. पकडणारा, निर्यातदार, आयातदार, घाऊक व्यापारी आणि दुकानदार अशा प्रत्येक टप्प्यावर त्यांना रिकाम्या टाकीत ठेवलेले असते. तुमच्या घरी येण्याआधीच ते बरेच दिवस अर्धपोटी असतात.

दुसरे कारण टाकीचे वय. तिसऱ्या आठवड्यात फिल्टरमधले जिवाणू अजून पुरते वाढलेले नसतात. माशांच्या घाणीतून येणाऱ्या अमोनियाचे नायट्राइट होते, पण नायट्राइटचे नायट्रेट करणारे जिवाणू मागे असतात. नायट्राइट रक्तात गेले की रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची ताकद घटते. पाणी आरशासारखे स्वच्छ असले तरी त्यात हे विष असू शकते, ते डोळ्यांना दिसत नाही. थेंबांची टेस्ट किट आणा. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य आले पाहिजेत, नायट्रेट २० पीपीएमच्या (लिटरला मिलिग्रॅम) खाली.

उरलेल्या दोघांसाठी आजपासून एक दिवसाआड २० टक्के पाणी बदला. नवे पाणी त्याच तापमानाचे आणि अँटिक्लोरीन (नळाच्या पाण्यातले क्लोरीन घालवणारे द्रावण) घातलेले असू द्या. ओळखीच्या कुणाची जुनी, निरोगी टाकी असेल तर तिथला वापरातला स्पंज आणून तुमच्या फिल्टरमध्ये ठेवा. जिवाणू आयते मिळतात.

खाण्याचे मात्र नीट समजून घ्या, कारण ओटो इथेच जगतो किंवा मरतो. काकडी, दोडका किंवा कोवळ्या दुधीची एक सेंटिमीटर जाडीची चकती उकळत्या पाण्यात दोन मिनिटे ठेवा, मग गार पाण्यात टाका. स्टीलच्या काट्यात टोचून दिवा मालवल्यावर तळाशी सोडा आणि सकाळी काढून टाका. दिवसभर राहिली तर ती सडते आणि पाणी बिघडवते. नदीतून आलेल्या ओटोला भाजी हे अन्न आहे हेच ठाऊक नसते. पहिले चार-पाच दिवस तो तिच्याकडे बघणारही नाही. तरी रोज त्याच जागी ठेवत राहा.

भाजीपेक्षा खात्रीचा उपाय म्हणजे शेवाळलेले दगड. नदीतले गुळगुळीत काळे दगड घासून धुवा. शंका असल्यास दगडावर व्हिनेगरचे दोन थेंब टाका. फेस आला तर दगडात चुना आहे, तो वापरू नका. टाकीचे पाणी बदलताना निघालेल्या पाण्याने भरलेल्या काचेच्या बरणीत हे दगड उन्हाच्या खिडकीत ठेवा. आठ-दहा दिवसांत त्यांवर मऊ हिरवा थर धरतो. दोन बरण्या ठेवल्या की दर दोन-तीन दिवसांनी एक दगड टाकीत आणि चाटून झालेला परत बरणीत, असे चक्र चालू राहते.

ऊन नसलेल्या घरांसाठी लेपही करता येतो. १०० मिली पाण्यात दीड ग्रॅम चायना ग्रास पूर्ण विरघळेपर्यंत उकळा. आचेवरून उतरवून जरा निवल्यावर, गोठण्याआधी दोन चमचे स्पिरुलिना पावडर ढवळा आणि कोरड्या दगडांवर ओता. हा लेप फ्रीजमध्ये आठवडाभर टिकतो.

पोट हाच तुमचा मोजमापाचा काटा. ओटो काचेला चिकटला की खालून बघा. पोट हलके फुगीर असेल तर ठीक. सपाट असेल तर खाणे वाढवा. आत ओढलेले दिसत असेल तर मासा फार थोड्या दिवसांचा सोबती आहे, आणि अशा अवस्थेत भरपूर अन्न दिले तरी बरेच मासे सावरत नाहीत. दुकानात निवडतानाही हीच कसोटी लावा. माल येऊन आठवडा झाल्याशिवाय घेऊ नका. काचेला चिकटलेले, गोल पोटाचेच निवडा.

टाकी तीन महिन्यांची झाली, दगडांवर आणि पानांवर आपोआप हिरवट थर दिसू लागला की मगच आणखी चार आणा. हा कळपात राहणारा मासा आहे, सहाच्या खाली तो दबून राहतो आणि लपून बसतो.

प्रश्न : पिशवीतून टाकीत सोडण्याची योग्य पद्धत कोणती? – वाचक, ठाणे

पिशवी किती वेळ बंद होती यावर ते ठरते. गावातल्याच दुकानातून तासाभरात आणलेली असेल तर मासे पाण्यासकट बादलीत ओता आणि टाकीतून सलाईनच्या नळीने सेकंदाला दोन-तीन थेंब पाणी सोडा. औषधांच्या दुकानात मिळणाऱ्या नळीच्या संचातले चाक फिरवून थेंब कमी-जास्त करता येतात. पाणी तिप्पट झाले, साधारण तासाभरात, की मासे जाळीने उचलून टाकीत. पिशवीतले पाणी टाकीत जाऊ देऊ नका.

कुरियरने दीड-दोन दिवसांनी आलेल्या पिशवीला मात्र ही पद्धत घातक आहे. बंद पिशवीत कार्बन डायऑक्साइड साठून पीएच (पाणी आम्लधर्मी की अल्कधर्मी याचे माप) उतरलेला असतो आणि त्यामुळे साठलेला अमोनिया बराचसा निरुपद्रवी रूपात असतो. पिशवी उघडली की वायू निघून जातो, पीएच चढतो आणि तोच अमोनिया विषारी होतो. अशी पिशवी न उघडता २० मिनिटे टाकीत तरंगत ठेवा, मग उघडून मासे लगेच जाळीने नव्या पाण्यात घ्या.

प्रश्न : दोन वर्षांपूर्वी दोन इंची ‘सकर’ घेतला होता. आता तो आठ इंचांचा आहे, झाडे उपटतो आणि रात्री एंजल माशाच्या अंगाला चिकटतो. जवळच्या तलावात सोडला तर चालेल का? – वाचक, पुणे

अजिबात सोडू नका. तुमच्याकडे आहे तो टेरिगोप्लिक्थिस, मराठी दुकानांतला नेहमीचा सकर. तो ४० सेंटिमीटरपर्यंत वाढतो. पूर्व कोलकात्याच्या पाणथळीत, केरळातल्या पाण्यात आणि आपल्याकडे उजनीच्या जलाशयात हा मासा लोकांनी सोडल्यामुळेच पोचला आहे. तो काठाच्या मातीत बिळे करून अंडी घालतो, त्यामुळे काठ ढासळतात. परांवरच्या काट्यांनी मच्छीमारांची जाळी फाटतात. पोटातून हवा घेऊ शकत असल्याने उथळ, घाण पाण्यातही तो तगतो आणि स्थानिक माशांचे अन्न नि जागा बळकावतो. एक मासा सोडला तर काय होणार, असा विचार हजारो घरांतून झाला की हे घडते.

दुकानदाराला परत द्या किंवा सहा फुटी टाकी असलेल्या कुणाला. तोवर रोज रात्री काकडी आणि बुडणारे अल्गी वेफर (शेवाळयुक्त खाद्याच्या चकत्या) द्या. एंजलच्या अंगावरचा चिकट थर तो भुकेमुळे खातो, पोट भरले की ही खोड बहुधा कमी होते. तरी खरचटलेल्या एंजलला वेगळे ठेवणे बरे.

पुढच्या वेळी ब्रिसलनोज मागा. तो १२ ते १५ सेंटिमीटरवर थांबतो. पिल्ले सारखी दिसतात, म्हणून पाठीवरचा पर उभारलेला असताना त्यातल्या काड्या मोजा. दहा किंवा जास्त असतील तर तो मोठा सकर, सात-आठच असतील तर ब्रिसलनोज. आणि सोनेरी रंगाचा ‘चायनीज अल्गी ईटर’ कुणी गळ्यात मारत असेल तर तोही नको. तो मार्जार मासा नव्हेच. मोठेपणी शेवाळ सोडून इतर माशांच्या मागे लागतो.

प्रश्न : आमच्याकडे बोअरचे पाणी आहे, टीडीएस (विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण) ७००. ओटो ठेवता येतील का? – वाचक, छत्रपती संभाजीनगर

तसेच नाही. ओटो मृदू, किंचित आम्लधर्मी ते उदासीन पाण्यातला मासा आहे. पीएच ६ ते ७.५ आणि टीडीएस २५० च्या आसपास ठेवा. आरओच्या पाण्याचा टीडीएस २० धरला तर एक भाग बोअर आणि दोन भाग आरओ मिसळल्यावर जवळपास २५० येतो. नुसते आरओ वापरू नका, त्यात क्षार नसल्याने पीएच स्थिर राहत नाही. दर आठवड्याला एवढे पाणी मिसळण्याचा कंटाळा येणार असेल तर ब्रिसलनोजच घ्या. तो कठीण पाणी बऱ्यापैकी सोसतो आणि गप्पी, मोली यांच्याबरोबर छान राहतो. त्याला ड्रिफ्टवुडचा (टाकीत ठेवायच्या लाकडाचा) एक तुकडा हवाच, तो लाकूड किसून खातो.

प्रश्न : मे महिन्यात टाकीचे पाणी ३३ अंशांवर जाते. बर्फ टाकावा का? – वाचक, नागपूर

बर्फाने पाणी झटकन उतरते आणि तासाभरात पुन्हा चढते, ही चढउतार उष्णतेपेक्षा वाईट. पाण्याच्या पृष्ठभागावर तिरका छोटा पंखा लावा. बाष्पीभवनाने दोन ते चार अंश उतरतात. विदर्भाच्या कोरड्या हवेत हे फार चांगले जमते, कोकणात तितके नाही. झाकणाऐवजी जाळी घाला आणि आटलेले पाणी आरओने भरा, नाहीतर क्षार साचत जातात. २५ अंशांना लिटरभर पाण्यात सुमारे ८ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३३ ला सातच्या आसपास, म्हणून एअर स्टोन (हवेचे बुडबुडे सोडणारा सच्छिद्र दगड) रात्रंदिवस चालू हवा. वीज जात असेल तर बॅटरीचा एअर पंप घेऊन ठेवा.

प्रश्न : ब्रिसलनोजच्या नराने मडक्यात अंडी धरली होती. पिल्ले बाहेर आली आणि चार दिवसांत नाहीशी झाली. – वाचक, कोल्हापूर

टाकीत एंजल किंवा गुरामी असेल तर ती त्यांच्या पोटात गेली. नसेल तर उपासमार. २६ अंशांना अंडी पाच दिवसांच्या आसपास फुटतात, पुढचा साधारण आठवडा पिल्ले पोटाच्या पिवळ्या पिशवीवर जगतात आणि तोवर बाप शेपटीने पाणी हलवत राखण करतो. पिशवी संपली की त्यांना चोवीस तास समोर अन्न लागते.

पुढच्या वेळी पिशवी लहान होत आली की पिल्ले जाळीच्या पेटीत घ्या. आत लाकडाचा तुकडा, उकडलेली दुधी आणि एअर स्टोन ठेवा. दुधी दिवसातून दोनदा बदला आणि रोज दहा टक्के पाणीही. मरतात ती बहुधा भुकेने किंवा उरलेल्या दुधीने, दोन्ही टाळायचे तर लहान तुकडे वरचेवर द्यावे लागतात. नर पहिल्या खेपेला कधीकधी अंडी बाहेर ढकलून देतो, तेव्हा ती उचलून त्याच पेटीत, हवेचे बुडबुडे जवळून जातील अशी ठेवा. गुहा १२ ते १५ सेंटिमीटर लांब, चार-पाच सेंटिमीटर रुंद आणि एका बाजूने बंद असावी. दोन फुटी टाकीत एकच नर ठेवा.

प्रश्न : झाडांच्या पानांवर काळे झुपके आलेत. ओटो वाढवू का? – वाचक, पणजी

नाही, ओटो काळे झुपके खात नाही. हिरवे दोरे आणि निळसर बुळबुळीत थरही खात नाही. जास्त बाधित पाने कापा. दगड-लाकडावरच्या झुपक्यांवर फिल्टर बंद करून पिचकारीने ३ टक्क्यांचे हायड्रोजन पेरॉक्साइड सोडा, टाकीच्या दर चार लिटरला १ मिली यापेक्षा जास्त नको. दहा मिनिटांनी फिल्टर सुरू करा. झुपके दोन-तीन दिवसांत गुलाबी पडतात. दिवा सात तासांवर आणा आणि तळातला गाळ दर आठवड्याला ओढून काढा.

प्रश्न : निऑन माशांवर पांढरे ठिपके आहेत. बाटलीतले औषध ओटो असताना चालेल का? – वाचक, नाशिक

बाटलीवरचे घटक वाचा. तांबे असेल तर ते टाकीत घालू नका, ओटोला ते बाधते. दर सहा तासांना एक अंश याप्रमाणे तापमान ३० वर न्या, एअर स्टोन वाढवा आणि दहा-बारा दिवस तसेच ठेवा. रोज २५ टक्के पाणी तळाशी नळी फिरवून काढा, कारण ठिपके आणणाऱ्या परजीवीची पुढची पिढी तिथे तयार होत असते. मीठ घालायचेच तर लिटरला १ ग्रॅमच्या वर जाऊ नका. मॅलकाइट ग्रीन वापरणार असाल तर निम्मी मात्रा घ्या आणि फिल्टरमधला कार्बन आधी काढून ठेवा. ठिपके दिसेनासे झाल्यावरही तीन दिवस तापमान उतरवू नका.